धर्मग्राम : फादर दिब्रिटो यांच्या लेखनाचा ठावठिकाणा

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्यानंतर त्यांच्यावर जे काही छापून आले त्यातले हाती लागले तेवढे मी कात्रणे करून ठेवले आहे. ती कात्रणे पुन्हा चाळताना दोन शब्द सतत भेटतात : ‘सेतू’ आणि ‘समन्वय’. हे शब्द आदराचे आहेत, पण त्यांत वाचन फारसे दिसत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा काही मंडळींनी विरोध केला. त्यांना ‘पाद्री’ एवढा एकच शब्द पुरला. म्हणजे एका बाजूला सेतू आणि दुसऱ्या बाजूला पाद्री. पस्तीस-चाळीस वर्षे मराठीत गद्य लिहिणारा लेखक या दोहोंच्या मध्ये न वाचलेलाच राहिला, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या लेखनाकडे मी एका शब्दाच्या वाटेने जाणार आहे. तो शब्द त्यांनी घडवलेला नाही. मराठी कॅथोलिक समाजात तो रुळलेला आहे. ‘धर्मग्राम.’

इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात ते धर्मग्राम. एक चर्च, त्याच्या हद्दीतली घरे, आणि त्या घरांची जबाबदारी ज्याच्याकडे दिलेली आहे तो धर्मगुरू. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. आता गंमत अशी, की पॅरिश या शब्दाचे मूळ ग्रीक ‘पॅरोइकिया’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ गावाच्या अगदी उलट आहे. दुसऱ्याच्या गावात उपरा म्हणून केलेला मुक्काम, असा तो अर्थ. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात हा शब्द येतो. माणूस या जगात पाहुणा आहे, कायमचे घर दुसरीकडे आहे, ही त्यामागची कल्पना. मराठीत हा शब्द आणताना कोणीतरी ‘ग्राम’ निवडले. मुक्काम गेला आणि गाव आले. उपरा गावकरी झाला. हे भाषांतर म्हणून बरोबर की चूक, हा वाद कोशकारांनी घालावा. मला त्यात एका समाजाची इच्छा दिसते आणि दिब्रिटो यांचे सगळे महत्त्वाचे लेखन त्या इच्छेचाच विस्तार आहे, असे वाटते.

हे मी उंब्रजहून लिहितो आहे, त्यालाही थोडे कारण आहे. तारळी जिथे कृष्णेला मिळते ते आमचे गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीत ख्रिस्ती घर नव्हते. ख्रिस्ती माणूस म्हणजे साताऱ्याचे नाहीतर मिरजेचे मिशन, दवाखाना, आणि पाचगणीच्या शाळा. हे मिशनही बहुतेक प्रॉटेस्टंट. कॅथोलिक आणि प्रॉटेस्टंट हा फरक मराठी वाचकांपैकी निदान निम्म्यांना तरी ठाऊक नसतो, हे शिक्षक म्हणून केलेल्या नोकरीत मी पाहिले. म्हणून वसईचा एक कॅथोलिक धर्मगुरू ज्ञानोबा-तुकोबांचा हवाला देत लिहू लागला, की आमच्याकडे दोन प्रतिक्रिया उमटत. काहींना फार बरे वाटे, काहींना शंका येई. गावातले एक माळकरी गृहस्थ मात्र वेगळे निघाले. मी त्यांना दिब्रिटो यांचे एक पुस्तक दिले होते. चार दिवसांनी ते परत देताना त्यांनी विचारले, “अहो गुरुजी, हे सगळं ठीक आहे, पण ह्यांची माणसं दिसत नाहीत हो. ह्यांच्या गावात भांडणं होत नाहीत का?” हा प्रश्न मला अनेक परीक्षणांपेक्षा मोलाचा वाटला. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी परंपरेचा हिशेब पुरा करू. मराठी ख्रिस्ती लेखनाविषयी बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून सुरुवात करायची, हा शिरस्ता आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला आणि साष्टीत चाळीस वर्षे राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा निघाले. (परंपरेने सांगितलेला शक धरला तर उंब्रजचा मारुतीही १६४९ चाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण एकाच वर्षी एकीकडे चुन्या-वाळूचा मारुती उभा राहतो आणि दुसरीकडे ओवीबद्ध ख्रिस्त छापखान्यातून बाहेर पडतो, हे चित्र मला सोडवत नाही.) स्टीफन्सच्या मराठीप्रेमाच्या ओव्या शाळेत पाठ असतात. त्या ग्रंथाचा उपयोग काय होता, ते मात्र शाळेत सांगत नाहीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी वाचायला काहीतरी द्या, अशी मागणी होती. तेव्हा देवळात रविवारी आणि सणासुदीला मोठ्याने वाचण्यासाठी हे पुराण लिहिले गेले. म्हणजे ते धर्मग्रामाचेच पुस्तक होते, ऐकणाऱ्यांसाठी रचलेले.

पण स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याची जी सवय आहे ती मला पटत नाही. ती रेघ मध्येच तुटलेली आहे. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. वसईत पोर्तुगीज अंमल १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी संपवला. तिथले ख्रिस्ती तिथेच राहिले, शेती-वाडी करत, आपली बोली बोलत. मात्र वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली. घरात एक भाषा, शेतात तीच भाषा, आणि देवाशी बोलायची वेळ आली की परकी. हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालला.

तो संपवला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. १९६२ ते १९६५ या काळात ती रोममध्ये भरली आणि उपासनेत लोकांच्या भाषा वापरण्याची मुभा १९६३ च्या दस्तऐवजाने दिली. दिब्रिटो त्या वेळी विशीत होते आणि १९७२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. म्हणजे मराठीत मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंच्या पहिल्याच पिढीतले ते. त्यांच्या गद्यावर लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट फारशी विचारात घेतलेली नाही. आपण त्यांच्या भाषेच्या साधेपणाचे कौतुक करतो आणि तो स्वभावाचा भाग मानतो. मला तो व्यवसायाचा भाग वाटतो. रविवारी सकाळी समोर केळीच्या वाडीतला शेतकरी, मासळी विकणारी बाई, मुंबईच्या लोकलने रोज जाणारा कारकून आणि कॉलेजातली पोर एकाच बाकावर बसलेली आहेत. दहा-पंधरा मिनिटांत त्यांना शुभवर्तमानातला एक उतारा उलगडून सांगायचा आहे, आणि त्या उताऱ्यासाठी मराठीत रुळलेली भाषा फारशी नाही. कृपा, तारण, पुनरुत्थान, प्रायश्चित्त : शब्द मराठी आहेत, पण प्रत्येकावर आधीच दुसऱ्या विचाराचे ओझे आहे. ‘पुनर्जन्म’ ऐकायची सवय असलेल्या कानाला ‘पुनरुत्थान’ वेगळे कसे ऐकवायचे? दिब्रिटोंनी याला जो उपाय केला तो व्याख्येचा नव्हता. ते शेजारचा, ओळखीचा संतवचनाचा आधार घेतात, मग एक छोटा प्रसंग सांगतात, आणि नवा अर्थ त्या प्रसंगातून हळूच उतरवतात. रविवारच्या प्रवचनाची ही घडण त्यांच्या लेखांत जशीच्या तशी आली आहे. बायबल, गोष्ट, आजचा प्रश्न, दिलासा.

‘सुबोध बायबल’ हे या सगळ्या मेहनतीचे फळ आहे. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यावर बरेच लिहिले गेले आहे, म्हणून इथे एवढेच नोंदवतो, की त्यातला ‘सुबोध’ हा शब्द विद्वानाचा नाही, धर्मग्रामातल्या फादरचा आहे. कोणाला तरी समजले पाहिजे ही त्याची पहिली अट आहे.

संतवचनांच्या या आधारावर दोन्हीकडून टीका झाली. कोणी म्हणाले, हा तुकोबाच्या आडून आपला धर्म सांगतो; कोणी म्हणाले, आपला धर्म पातळ करतो. दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांना मी एका वेगळ्या उदाहरणाकडे पाहायला सांगेन. ज्या पुणे धर्मप्रांतात आमचा सातारा जिल्हा येतो, तिथे २००९ ते २०२३ या काळात बिशप असलेले थॉमस डाबरे हेही वसईचेच. तुकारामांच्या ईश्वरानुभवावरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९८७ साली ग्रंथरूपाने आला. वसईच्या मातीत वाढलेल्या दोन धर्मगुरूंना तुकारामाकडे जावेसे वाटले, तर त्यामागे डावपेच शोधण्यापेक्षा साधे कारण शोधावे. देवाशी भांडणारी, त्याला जवळचे मानणारी भाषा त्यांना मराठीत तयार सापडली आणि लॅटिनने ती त्यांना कधी दिली नव्हती.

आता माळकरी गृहस्थांचा प्रश्न. “ह्यांची माणसं दिसत नाहीत.”

तो प्रश्न अर्धा चूक आहे, कारण दिब्रिटोंच्या लेखनात गाव एका ठिकाणी अगदी लख्ख दिसते : हरित वसईच्या लढ्यात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकाम व्यवसायाची नजर गेली. बागायतीच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसून इमारतींकडे जाऊ लागले. त्याच्या आड येणाऱ्यांना दहशत होती. दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने लोकांना रस्त्यावर आणले. धर्मगुरूने हे करावे का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही विचारला जातो. परिषदेने १९६५ साली ‘गॉडियम एत स्पेस’ हा दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या नावाचाच अर्थ ‘आनंद आणि आशा’. लोकांचे सुखदुःख तेच चर्चचे सुखदुःख, हा त्याचा गाभा. दिब्रिटोंनी ते वाक्य विहिरीच्या पाण्यावर लावून पाहिले. ‘नाही मी एकला’ या त्यांच्या आत्मकथनातला हा भाग मला सगळ्यात बळकट वाटतो आणि त्याचे कारण वाङ्मयीन आहे. इथे दिलाशाचा शेवट हाताशी नाही. टँकर उद्याही येणार आहे. प्रवचनाची ठरलेली घडण इथे मोडते आणि वाक्य तापते. श्रद्धा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. भीती वाटत असतानाही सभेला किती माणसे येतात, त्यावरून ते कळते. कृष्णाकाठच्या वाचकाला, ज्याने उसाला पाणी आणि हायवेला जमीन जाताना पाहिली आहे, हा भाग समजायला बायबलची ओळखही लागत नाही.

पण प्रश्न अर्धा बरोबरही आहे. मोर्चातले गाव दिसते, पण मोर्चा संपल्यावर घरी गेलेले गाव दिसत नाही. भावकीचे वाद, लग्नात मोडलेली मने, दारू, धर्मांतरानंतरही चर्चच्या आवारापर्यंत टिकून राहिलेला जातीचा ताठा, फादरवर रुसलेली माणसे हे सारे त्यांच्या पानांवर मला फार कमी भेटते. वसईची कादोडी बोलीसुद्धा क्वचितच ऐकू येते. सगळे जण जवळपास प्रमाण मराठीतच बोलतात. स्टीफन्स परका असून त्याच्या ओवीत साष्टीची कोकणी मिसळली आहे. नंदाखालच्या भूमिपुत्राच्या गद्यात नंदाखालची बोली कमी असावी, ही मला उणीव वाटते. मराठी साहित्यविश्वात आपण पाहुणे नाही, हे सिद्ध करण्याचे दडपण त्यामागे असावे. ज्याला सतत आपले मराठीपण दाखवावे लागते तो बोलीची मोकळीक घेत नाही.

माणसे न दिसण्याचे मात्र आणखी एक कारण आहे आणि ते लेखकाच्या हातात नव्हते. कॅथोलिक धर्मगुरू लोकांचे पापनिवेदन ऐकतो. जे ऐकले ते कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगायचे नाही, जीव गेला तरी नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. याचा अर्थ, गावातल्या माणसांच्या मनाचा तळ ज्याने सर्वांत जवळून पाहिला, तोच लिहायला बसला तर त्याला त्यातले एक अक्षर वापरता येत नाही. डॉक्टर नाव बदलून लिहितात, वकील जुने खटले सांगतात. फादरला तेही नाही. नाव बदलले तरी धर्मग्राम लहान असते, लोक ओळखतात. त्यामुळे धर्मगुरूच्या आत्मचरित्रात एक मोठी खोली कायम बंदच असते. दिब्रिटोंच्या लेखनातला जो सौम्यपणा आपल्याला कधीकधी गुळमुळीत वाटतो, त्यातला काही भाग या कुलपाचा आहे.

ही खोली कोण उघडू शकतो? कादंबरीकार. फ्रेंच लेखक जॉर्ज बेर्नानोस याने १९३६ साली एका खेड्यातल्या तरुण धर्मगुरूची रोजनिशी कादंबरीरूपाने लिहिली. पोटाच्या दुखण्याने झिजणारा, लोकांना नकोसा झालेला, प्रार्थना जमत नाही म्हणून घाबरलेला असा तो फादर आहे. त्याच्या खेड्याचे नाव आंब्रिकूर. (उंब्रजच्या माणसाला हे नाव वाचून हसू येणारच.) बेर्नानोस स्वतः धर्मगुरू नव्हता, संसारी गृहस्थ होता, म्हणूनच त्याला ते लिहिता आले. मराठीत असे पुस्तक नाही. दिब्रिटो ते लिहू शकले नसते. वसईतल्या एखाद्या प्रापंचिक ख्रिस्ती लेखकानेच ते लिहायला हवे.

मराठीत याच्या जवळ जाणारे जे आहे ते एका बाईने लिहिले आहे आणि ते कॅथोलिक नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त श्रद्धा घरातून दिसते : शिवाशिवीतून, पाण्याच्या घागरीतून, नवऱ्याच्या लहरीपणातून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्या थोर कल्पनेमागच्या घरात काय चालले असेल हे आपण लक्ष्मीबाईंमुळे ओळखू शकतो. टिळकांच्या कवितेतला देव आणि लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातला देव एकमेकांना तपासतात. दिब्रिटोंना असे तपासणारे कोणी नाही. अविवाहित धर्मगुरूच्या श्रद्धेला घरातून टोकणारे माणूस नसते. ‘नाही मी एकला’ हे शीर्षक मी अनेकदा या अंगाने वाचतो. त्यात देवाची सोबत आहे, लोकांची सोबत आहे, आणि शीर्षकातच नाकारावे लागलेले एकटेपणही आहे. पुस्तकात त्या एकटेपणाची पाने आणखी असती, तर सोबतीची पानेही अधिक खरी वाटली असती.

उस्मानाबादचे संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत झाले. दिब्रिटो आजारी होते, तरी आले. संत गोरोबांच्या जिल्ह्यात उभे राहून त्यांनी लेखकाने आपल्या काळाबद्दल गप्प राहू नये, ही भूमिका घेतली. आमच्या भागातल्या वाचकाला त्यावेळी कऱ्हाड आठवणे साहजिक होते. १९७५ मध्ये, आणीबाणीत, उंब्रजपासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटरवर दुर्गाबाई भागवत संमेलनाध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या होत्या. दुर्गाबाईंचा आवाज धारदार होता, दिब्रिटोंचा तसा नव्हता. धार नाही म्हणून त्यांच्या भाषणावर नाराज झालेले लोक मला भेटले. पण प्रवचनकाराची सवय अशी, की समोरच्या बाकावरचा विरोधकसुद्धा पुढच्या रविवारी यायला हवा असतो. त्याला बाहेर घालवून बोलणे त्याच्या धंद्यात बसत नाही. धर्मग्रामातून कोणाला वजा करता येत नाही, हे त्या भाषणाचे बळही होते आणि मर्यादाही.

पुढे काम करणाऱ्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट सुचवतो. आत्मकथन, प्रवासलेखन, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’सारखी पुस्तके बाजारात मिळतात, लोक तेवढ्यावर मत बनवतात. दिब्रिटो १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. सुवार्ता म्हणजे शुभवर्तमान, आणि सुवार्ता म्हणजे बातमीसुद्धा. संपादक-फादरला याहून नेमके नाव मिळाले नसते. ती चोवीस वर्षांची फाइल कोणीतरी ओळीने वाचायला हवी. एका बाजूला त्या त्या महिन्यात चर्चमध्ये वाचले गेलेले बायबलचे उतारे, दुसऱ्या बाजूला वसईत त्या महिन्यात काय घडले त्याची नोंद, आणि मध्ये संपादकीय, असे तीन रकाने मांडावेत. टँकरच्या काळातल्या अंकांपासून सुरुवात करावी. पुस्तकात येताना कोणते वाक्य मऊ झाले आणि कोणते गाळले गेले, ते तिथे कळेल.